पीबीसी की पीएससी?

परळच्या डॉक्टरांनी मावशीच्या फाइलवर 'पीबीसी' (प्रायमरी बिलियरी कोलॅन्जायटिस) लिहिलं. ती लालबागला घरी पोचेपर्यंत आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचं 'पीएससी' (प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलॅन्जायटिस) झालं होतं, आणि मावसभावाने नेटवर वाचून तिच्या आतड्याची चौकशीही सुरू केली होती.

गोंधळ साहजिक आहे. दोन्ही आजार पित्तनलिकांचे, दोन्ही वर्षानुवर्षं रेंगाळणारे. पित्त तुंबतं, थकवा येतो, खाज सुटते, रिपोर्टात अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम वाढलेलं असतं. (ते हाडांतूनही येतं, म्हणून जोडीला जीजीटी हे यकृताचं दुसरं एन्झाइम बघतात.) मावशीने दोन वर्षं खाजेला घामोळं समजून पावडर लावली. मुंबईच्या दमट हवेत दुसरं कुणाला काय सुचणार? पण अंगावर पुरळ नव्हतं आणि रात्री तळहात-तळपाय जास्त खाजायचे.

पीबीसीत झिजतात त्या यकृताच्या आतल्या अगदी बारीक नलिका. त्या सोनोग्राफीत दिसतच नाहीत. रिपोर्ट 'नॉर्मल' येतो आणि घरचे निर्धास्त होतात. इथे खरं बोलतं ते रक्त. एएमए नावाच्या अँटिबॉडी 90 ते 95 टक्के रुग्णांत सापडतात. वाढलेलं फॉस्फेटेज, एएमए आणि बायोप्सी, या तिन्हींतल्या दोन गोष्टी जुळल्या की निदान पक्कं, त्यामुळे बहुतेकांची बायोप्सी टळते. रुग्ण बहुतांशी चाळिशी ओलांडलेल्या बायका. पीबीसीच्या जुन्या नावातला 'सिरॉसिस' 2015 मध्ये काढून 'कोलॅन्जायटिस' केला, ते बरंच झालं. आमच्याकडे सिरॉसिस म्हटलं की आधी दारूच आठवते.

पीएससीला अशी नेमकी अँटिबॉडी नाही. तिथे चित्र लागतं, म्हणजे एमआरआयच्या मशीनवर होणारी पित्तनलिकांची तपासणी, एमआरसीपी. त्यात नलिका कुठे आवळलेल्या, कुठे फुगलेल्या, माळेतल्या मण्यांसारख्या दिसतात. खडा, जुनं ऑपरेशन, आयजीजी4 या अँटिबॉडीशी निगडित आजार ही कारणं आधी वगळावी लागतात. क्वचित फक्त बारीक नलिकांचा पीएससी असतो. तेव्हा चित्रही स्वच्छ येतं आणि बायोप्सीशिवाय गत्यंतर नसतं. यात पुरुष जास्त, आणि पुष्कळांना अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण, हाही आजार असतो. म्हणून पोटाची तक्रार नसली तरी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, सांगतात. मावसभाऊ वाचत होता ते हे.

औषधातही फरक आहे. पीएससी रोखणारं खात्रीचं औषध अजून नाही. पीबीसीत मात्र उर्सो (उर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड) देतात, वजनाच्या किलोमागे रोज 13 ते 15 मिलिग्रॅम. मावशी 60 किलोची, म्हणून रोज 300 मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या.