मे महिन्यात कॉम्प्युटर का घोंघावतो?

एप्रिल संपत आला की सोलापुरातल्या डीटीपीच्या दुकानांत, झेरॉक्स सेंटरमध्ये आणि कितीतरी घरांतही कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण निघतं आणि समोर टेबलफॅन येऊन बसतो. विचारलं की उत्तर ठरलेलं : "आतला पंखा लई आवाज करायलाय, गेलाय बघा." मग नव्या पेठेतून नवा पंखा येतो, आणि दुपारी दोन वाजता तोही तसाच घोंघावायला लागतो. पंखा बहुतेक वेळा गेलेला नसतोच. मदरबोर्ड त्याला जोरात फिर म्हणून सांगत असतो आणि तो फिरत असतो. त्याला जोरात फिरावं का लागतं हे कळलं, की आवाज कमी करण्याचे निम्मे उपाय आपोआप सुचतात.

गरम वस्तूतून हवेत किती उष्णता जाईल, हे दोघांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. समजा, प्रोसेसर ८० अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, खोलीत २० अंश असतील, तर फरक ६० अंशांचा. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ४० अंश असतील, तर फरक उरतो ४०. तेवढीच उष्णता बाहेर काढायला आता निदान दीडपट हवा लागणार, म्हणजे पंखा दीडपट वेगाने फिरणार. इथवर सगळं सरळ आहे. पण दीडपट वेगाने आवाज दीडपट होत नाही. पंख्यातून बाहेर पडणारी ध्वनिशक्ती साधारण वेगाच्या पाचव्या घाताने वाढते. दीडाचा पाचवा घात काढून पाहा : साडेसातच्या वर जातो.

हा पाचवा घात मला फार आवडतो, म्हणून त्यावर जरा थांबतो.

पंख्याच्या आवाजात मोटारीचा वाटा थोडा असतो, बाकीचा आवाज हवेचा. पातं हवेला ढकलतं तेव्हा हवाही पात्याला तितक्याच जोराने उलट ढकलते. हा जोर एकसारखा राहिला, तर एवढ्याशा पंख्याच्या वेगाला आवाज जवळजवळ होणारच नाही. पण समोरून येणारी हवा जाळीतून, वायरींच्या जुडग्यातून, धुळीच्या थरावरून भोवरे घेऊन येते. प्रत्येक भोवरा पात्यावर आदळला की जोर क्षणभर वाढतो, क्षणभर घटतो. जोराची ही थरथर म्हणजेच आवाज.

आता हिशेब. हवेचा पात्यावरचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की भोवरेही दुप्पट लवकर येऊन आदळतात, म्हणजे जोर बदलण्याचा झपाटा वेगाच्या घनाने वाढला. दूरवर पोचणारा ध्वनीचा दाब या बदलाच्या झपाट्यावर अवलंबून असतो, आणि ध्वनीची शक्ती दाबाच्या वर्गावर. घनाचा वर्ग म्हणजे सहावा घात. ब्रिटिश गणितज्ञ जेम्स लाइटहिल यांनी १९५२ साली हवेच्या मोकळ्या झोताचा आवाज वेगाच्या आठव्या घाताने वाढतो असं दाखवलं. झोतात घन वस्तू असेल तर सहावा घात येतो, हे कर्ल यांनी १९५५ साली मांडलं. प्रत्यक्ष पंख्यात सगळं पातं एका तालात थरथरत नाही, शिवाय कडांचे परिणाम वेगळे, म्हणून पंखे बनवणारे इंजिनिअर मोजमापांवरून पाचवा घात धरतात. त्यांचं सूत्र असं : डेसिबलमधला फरक = ५० × लॉग (नवा वेग ÷ जुना वेग). दीडपट वेगाला जवळजवळ ९ डेसिबल वाढतात, आणि १० डेसिबल वाढले की माणसाच्या कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

हेच सूत्र उलटं चालवा. वेग ३० टक्क्यांनी उतरवला तर जवळजवळ ८ डेसिबल कमी. निम्म्यावर आणला तर १५ कमी. एका पंख्याचं काम दोन पंख्यांनी निम्म्या वेगाने केलं, तर दोघांचा मिळून आवाज ३ डेसिबलने वाढतो, तरीही एकूण १२ डेसिबल वाचतात. मोठा पंखा याच कारणाने शांत. हवेचा पुरवठा व्यासाच्या घनाने वाढतो, म्हणून ८० मिलिमीटरचा पंखा ३००० फेऱ्यांना जेवढी हवा देतो, तेवढी १२० मिलिमीटरचा पंखा ९०० फेऱ्यांच्या आसपास देतो. पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला साडेबारा मीटरवरून साडेपाचच्या जवळ येतो.

एखादा जुना पंखा हातात घेऊन पाती मोजा. ७, ९ किंवा ११ भरतील. मागच्या बाजूला मोटार धरून ठेवणाऱ्या दांड्या मोजा : ३ किंवा ४. हे मुद्दाम जुळवलेलं असतं. पाती आणि दांड्या सारख्याच असत्या, तर सगळी पाती एकाच क्षणी सगळ्या दांड्यांवरून गेली असती आणि प्रत्येक धक्का एकात एक मिसळून कर्कश सूर निघाला असता. ७ पाती आणि ४ दांड्या असल्या की धक्के फेरीभर वाटले जातात. दांड्या तिरप्या असतात त्याही यासाठीच.

म्हणजे घरी जे काही करायचं, ते पंख्याला सावकाश फिरता यावं म्हणून. सोलापुरात पहिला शत्रू कापूस. पूर्व भागात घराला लागून यंत्रमाग, टॉवेल आणि चादरींचे तंतू दिवसभर हवेत. ते पंख्यातून आत जातात आणि हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पत्र्यांमध्ये, नेमके पंख्याच्या खाली, वरून दिसणार नाहीत असे साचतात. कॅबिनेट वरवर पुसून काही होत नाही. पंखा सोडवून खालचा थर काढला तर तो अख्खा पापुद्रा होऊन निघतो. प्लग काढा, अर्ध्या इंचाचा रंगाचा ब्रश आणि ब्लोअर घ्या, आणि ब्लोअर मारताना पाती आइस्क्रीमच्या काडीने अडवून धरा. मोकळी सोडलीत तर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग बिघडवतात आणि मोटार उलटी वीज तयार करायला लागते. हीटसिंक काढलाच तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) पुसून नवी लावा. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका. त्यातल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर दाब राहिलेला असू शकतो.

मग आवाज ओळखायला शिका. सूंऽऽ असा असेल तर तो हवेचा. खरखर असेल तर बेअरिंग सुकलंय : साध्या स्लीव्ह बेअरिंगच्या पंख्याचं स्टिकर उचलून, खाली रबरी बूच असेल तर ते काढून, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. खोबरेल नको. ते २४ अंशांच्या आसपास थिजतं, म्हणजे डिसेंबरच्या रात्री पंखा पुन्हा अडणार. आणि घुंऽऽ असा आवाज कॅबिनेटवर तळवा दाबला की कमी होत असेल, तर पत्रा थरथरतोय. तंबोऱ्याची तार एकटी फारसं ऐकू येत नाही, भोपळा तिला आवाज देतो. इथे भोपळ्याचं काम पत्रा करतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचे वॉशर कापून पंखा आणि पत्रा यांच्यामध्ये घाला, आणि स्क्रूच्या डोक्याखालीही घाला. तिथे राहून गेलं तर स्क्रूमधून कंप जसाच्या तसा पत्र्यात उतरतो.

भंगारातल्या मेलेल्या पंख्याचाही उपयोग आहे. त्याची पाती, मोटार आणि दांड्या कापून टाका, उरलेली चौकट जाळी आणि चालू पंखा यांच्यामध्ये बसवा. जाळीच्या तारांमागे उठलेले भोवरे पात्यापर्यंत येता येता थोडे विरतात, आणि त्या थरथरीचा आवाज कमी होतो. फुकटात होणारं एवढं चांगलं काम दुसरं नाही. याउलट, 'झीरो डेसिबल' लिहिलेल्या रंगीत दिव्यांच्या पंख्यांना जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. शून्य डेसिबल म्हणजे शांतता नव्हे, तो चांगल्या कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज. कॅबिनेटवर चिकटवायला 'अँटी-रेडिएशन' चिपाही विकतात. ती चिप ना उष्णता काढते, ना आवाज, ना आणखी काही. जाळीवर चिकटवली तर हवा मात्र अडते.

आता वेग उतरवायचा. आधी बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन पंख्याचं सेटिंग पाहा, पुष्कळ मदरबोर्डांवर सौम्य पर्याय असतो. चार पिनांच्या पंख्याला वेगाचा आदेश सेकंदाला २५ हजार स्पंदनांनी जातो, माणसाच्या ऐकण्याच्या पलीकडे, त्यामुळे त्याचा वेगळा सूर लागत नाही. कॅबिनेटचा पंखा थेट १२ व्होल्टवर असेल, तर त्याच्या तारेत तीन साधे डायोड एकामागे एक जोडता येतात. प्रत्येक डायोड सुमारे ०.७ व्होल्ट खातो, पंख्याला दहाच्या आसपास मिळतात, आणि आवाज ४ डेसिबलने उतरतो. हा प्रयोग प्रोसेसरच्या पंख्यावर करू नका. काहीही बदललं की जड काम लावून अर्धा तास तापमान बघत बसा, आणि तेही दुपारी, कारण सकाळी सातला ७० अंश दाखवणारा प्रोसेसर मे महिन्यात तीन वाजता ९० दाखवू शकतो. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांवर स्वतःच मंदावतात. तिथवर जात असेल तर एक डायोड काढून टाका.