कॉन्ट्रास्ट द्रव्ये

क्ष-किरण, सीटी वा एमआरआय चित्रणात आसपासच्या ऊतकांत मिसळून जाणारा भाग उठून दिसावा म्हणून शरीरात सोडली जाणारी द्रव्ये. रुग्णालयांत त्यांना सर्रास ‘डाय’ म्हणतात. अन्नमार्गासाठी बेरियम सल्फेट, रक्तवाहिन्या, मूत्रमार्ग व सीटीसाठी आयोडीनची संयुगे आणि एमआरआयसाठी गॅडोलिनियमची संयुगे वापरतात. पुढील विवेचन मुख्यतः आयोडीनयुक्त द्रव्यांचे आहे.

इतिहास : १८९६ च्या जानेवारीत व्हिएन्ना येथे हाशेक व लिंडेंटाल यांनी छाटलेल्या हाताच्या धमन्यांत अपारदर्शक मिश्रण भरून त्यांचे चित्र घेतले. १९२३ च्या सुमारास अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये ऑस्बर्न व सहकाऱ्यांनी सोडियम आयोडाइड दिलेल्या रुग्णांचा मूत्राशय क्ष-किरणांत दिसतो हे दाखवले. मात्र चित्र अंधूक येई व द्रव्य विषारी ठरे. १९२९ मध्ये ‘युरोसिलेक्टान’ या आयोडीनयुक्त संयुगाने शिरेवाटे मूत्रमार्गचित्रण साध्य केले. त्याच्या श्रेयाबद्दल मतभेद आहेत. ते ज्या संयुगांतून आले ती मूळ मालिका बर्लिनचे रसायनशास्त्रज्ञ बिन्ट्स व रेट यांनी जंतुसंसर्गावरील औषधे म्हणून तयार केली होती. तरुण अमेरिकन डॉक्टर मोझेस स्विक यांनी त्यांवर आधी हँबर्गजवळच्या अल्टोना येथे वैद्य लिख्टव्हिट्स यांच्याकडे आणि नंतर बर्लिनमध्ये मूत्ररोगतज्ज्ञ फोन लिख्टेनबेर्क यांच्या विभागात काम केले. पूर्वीच्या लेखनात लिख्टेनबेर्क यांना झुकते माप मिळाले. चित्रणासाठी वापराची कल्पना मुख्यतः स्विक यांची असावी, हे नंतरचे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याच सुमारास आलेले किरणोत्सर्गी थोरियमयुक्त ‘थोरोट्रास्ट’ चित्रे उत्तम देई. पण ते यकृत व प्लीहेत कायमचे साचून आल्फा कण सोडत राही आणि दशकांनंतर यकृताचे कर्करोग उद्भवत.

रसायन : आधुनिक द्रव्यांचा गाभा म्हणजे तीन आयोडीन अणू जोडलेले बेंझीन वलय. जुन्या लवणांचे पाण्यात दोन आयन (विद्युतभारित कण) होत, त्यामुळे त्यांची ऑस्मोलॅलिटी (द्रावणातील कणांची संहती) रक्ताच्या (सु. २९० मिलिऑस्मोल प्रति किग्रॅ.) पाचपट वा अधिक असे. पेशींतील पाणी बाहेर ओढले जाऊन दाह, वेदना, ओकारी होई. आयन न होणारा रेणू वापरावा, हा स्वीडिश वैद्य टॉर्स्टेन आल्मेन यांचा विचार १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून पुढे आलेल्या आयोहेक्सॉल वर्गाची ऑस्मोलॅलिटी ६०० ते ८५० आहे. दोन वलयांचे आयोडिक्सॅनॉल रक्ताच्या बरोबरीचे, पण दाट. म्हणून ते ३७° से.पर्यंत कोमट करून देतात.

वापर : पोटाच्या सीटीला मिलिलिटरमागे ३०० ते ३७० मिग्रॅ. आयोडीन असलेले ८० ते १२० मिलि. द्रव्य, सेकंदाला २ ते ३ मिलि. वेगाने, धमनीचित्रणासाठी वेग ४ ते ५ मिलि. एवढ्या वेगाला कोपराजवळच्या शिरेत १८ वा २० गेज जाडीची कॅन्युला (शिरेत घालायची नळी) लागते. मनगटावरची बारीक शीर हा वेग सोसत नाही व द्रव्य त्वचेखाली झिरपते. अशा वेळी इंजेक्शन तत्काळ थांबवून हात उंच ठेवतात व थंड शेक देतात. बोटे बधिर किंवा फिकट पडल्यास शल्यवैद्यास बोलावतात. यकृताच्या चित्रणात द्रव्य धमन्यांत असतानाची अवस्था इंजेक्शननंतर सु. ३० सेकंदांनी, प्रतिहारी शिरेतली (आतड्यांकडून यकृतात रक्त नेणारी शीर) सु. ७० सेकंदांनी घेतात. आयन होणारी द्रव्ये पाठीच्या कण्याच्या पोकळीत देणे जिवावर बेतू शकते.

प्रतिक्रिया : जपानमधील ३,३७,६४७ तपासण्यांच्या पाहणीत (१९९०) तीव्र प्रतिक्रिया जुन्या द्रव्यांत ०.२२ टक्के व नव्यांत ०.०४ टक्के आढळल्या. शिंपले-कोळंबीची ॲलर्जी प्रथिनांमुळे होते, आयोडीनशी तिचा संबंध नाही. तरीही ‘अशी ॲलर्जी आहे का?’ हा प्रश्न तपासणीच्या अनेक अर्जांवर टिकून आहे. आधी थोडी मात्रा देऊन पाहण्याची प्रथा निरुपयोगी आहे: तिच्याने पुढची प्रतिक्रिया कळत नाही, आणि तेवढ्यानेही तीव्र प्रतिक्रिया उद्भवू शकते. श्वास अडकला किंवा रक्तदाब कोसळला, तर प्रौढांना १:१००० ॲड्रेनॅलिन ०.५ मिलि. मांडीच्या स्नायूत तत्काळ द्यावे. अँटिहिस्टामिनची वाट पाहू नये.

मूत्रपिंड : द्रव्यामुळे मूत्रपिंड निकामी होते, ही समजूत तुलनागट (द्रव्य न दिलेले रुग्ण) नसलेल्या अभ्यासांवर पोसली गेली. अलीकडच्या तुलनात्मक अभ्यासांत धोका पूर्वी मानला जाई त्याहून बराच कमी दिसतो. ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळणक्षमतेचा अंदाज) ३० च्या खाली असल्यास मात्र सलाइन देणे व मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध ४८ तास थांबवणे योग्य.

गॅडोलिनियम : नेहमीची मात्रा किग्रॅ.मागे ०.१ मिलिमोल. मूत्रपिंड निकामी असलेल्या रुग्णांत त्वचा व स्नायू कठीण करणाऱ्या विकाराशी त्याचा संबंध २००६ मध्ये पुढे आला; त्यानंतर गॅडोलिनियम घट्ट धरून ठेवणाऱ्या वलयाकार रेणूंना प्राधान्य मिळाले.