बोअरच्या गाडीचा शेजार : मराठवाड्यातल्या भूगर्भशोधाची पार्श्वभूमी

मराठवाड्यात जमिनीला भोक पाडायचं म्हटलं की माणसाला पाणीच आठवतं. खनिजाच्या शोधासाठी भोक पाडतात हे लांबचं वाटतं, पण गावाच्या कडेला उभी राहणारी गाडी साधारण तशीच असते, डिझेलचा धूर तोच आणि उडणारी भुकटीही तीच. फरक कागदावर आहे. पाण्याच्या बोअरला एक कायदा, खनिजाच्या बोअरला दुसरा, आणि पन्नास पावलांवर राहणाऱ्या घराचा विचार दोन्हीकडे उशिरा आला.

सुरुवात निजामाच्या काळातून करावी लागते. 1886 मध्ये हैदराबाद संस्थानाने खाणींचे हक्क एका विलायती कंपनीला दिले. त्या व्यवहाराचा एवढा बोभाटा झाला की 1888 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे त्याची चौकशी झाली. कंपनीला हवा होता कोळसा, आणि तो निघाला आजच्या तेलंगणात, सिंगरेणीच्या बाजूला. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाखाली, म्हणजे दख्खनच्या लाव्हाखाली झाकलेला. नांदेड जिल्ह्यात देगलूरकडे ग्रॅनाइट आणि किनवटकडे चुनखडीचा खडक वर येतो, तेवढा अपवाद. त्यामुळे इथल्या लोकांना बरीच दशकं खाणीच्या शोधाचा त्रास असा झाला नाही. संस्थानात विहिरी खोदण्याचं वेगळं खातं मात्र होतं, आणि त्यावरून इथल्या माणसाला जमिनीतून काय हवं होतं ते समजतं.

मोठा बदल 1960 च्या दशकात झाला, आणि त्याचं एक केंद्र जालना होतं. दाबाच्या हवेवर चालणारा हातोडा नळीच्या टोकाशी थेट खडकावर आपटवायचा, ही पद्धत तेव्हा भारतात आली. जुन्या ठोकणीच्या यंत्राला कठीण पाषाणात जिथे आठवडे लागत, तिथे हा हातोडा एक-दोन दिवसांत भोक पाडू लागला. भोक झालं तरी वरचा हातपंप टिकेना, कारण तो घरगुती वापराचा, बिडाचा, आणि इथे दिवसभर अख्खा गाव त्यावर लोंबकळणार. जालन्यातल्या मिशनच्या पाणी प्रकल्पात मजबूत पंप तयार झाला, तो ‘जालना पंप’. त्यातून पुढे सोलापूर पंप आणि 1970 च्या दशकाच्या अखेरीला ‘इंडिया मार्क दोन’ आला. जगभर गेलेल्या आपल्या हापशाची एक मुळी अशी जालन्यात आहे. हे इथे अशासाठी सांगितलं की 1972 च्या दुष्काळात आणि नंतर गावात शिरणारी बोअरची गाडी पाहुण्यासारखी होती. तिच्यापुढे नारळ फुटायचा. रात्रभर कंप्रेसर धडधडला म्हणून कोणी तक्रार केल्याचं मी तरी ऐकलं नाही. गोंगाट सोसायची सवय आपल्याला पाण्याने लावली.

ती सवय 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे मोडली. किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली. जाड दगडी भिंती आणि वर मातीचं माळवद असलेली घरं झोपलेल्यांवर कोसळली. नंतर 52 गावं पूर्णपणे दुसरीकडे वसवावी लागली. त्यानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीतच 617 मीटर खोल भोक घेतलं. 338 मीटर लाव्हा, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचा थर आणि मग अतिप्राचीन खडक, असा हिशेब त्यातून मिळाला. खनिजासाठी घेतात तसंच हे नमुन्याचं ड्रिलिंग : हिऱ्याच्या दातांची पोकळ नळी फिरवत खडकाची सलग कांडी वर काढायची. शास्त्रासाठी ते मोलाचं होतं यात शंका नाही. पण ज्यांच्या पायाखालची जमीन नुकतीच हलली होती, त्यांना त्याच जमिनीत फिरणारी नळी काय वाटली असेल? ड्रिलची थरथर आणि भूकंप यांची तुलनाच होत नाही, हे खरं. तरी लातूर-धाराशिवच्या त्या पट्ट्यात आजही जमिनीतून आवाज आला की माणसं अंगणात येतात. 2022 मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत तसंच झालं. 21 मार्च 2024 ला हिंगोली जिल्ह्यात 4.5 रिश्टरचा धक्का बसला, तेव्हाही लोक घराबाहेर धावले. अशा गावाजवळ रात्रपाळीत ड्रिल चालवायचं तर आधी सांगणं ही निव्वळ सभ्यता नव्हे, कामाचाच भाग आहे.

आता कायदा. जमीन महसूल संहिता 1966 नुसार जमिनीतल्या खनिजांचा हक्क शासनाचा, सातबारा कोणाच्याही नावावर असो. खाण व खनिज कायदा 1957 चा. त्यातलं कलम 24क शोधाचा परवाना असलेल्याला शेतात शिरण्याची मुभा देतं आणि झालेल्या नुकसानीची भरपाई त्याच्यावर टाकतं. ही भरपाई ज्याच्या ताब्यात ती जमीन आहे त्याला. बांधापलीकडच्या घरात बाळंतीण आहे, शाळेत परीक्षा चालली आहे, गोठ्यातली म्हैस आवाजाने बुजते, याचा त्यात उल्लेख नाही. 2006 च्या पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेतूनही निव्वळ खनिजशोध वगळलेला आहे. म्हणजे खाण सुरू होण्याआधी सहसा जनसुनावणी, पण ती खाण ज्या ड्रिलिंगवर ठरणार त्याआधी काही नाही.

खाण व खनिज कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीने शोधाची गाडी आणखी मोकळी केली. आधी प्राथमिक पाहणीच्या टप्प्यात खड्डे, चर, ड्रिलिंग यांना अटकाव होता, तो गेला. 29 खनिजांसाठी नवा ‘शोध परवाना’ आला. तो एकेकाला हजार चौरस किलोमीटरपर्यंत मिळू शकतो. एवढ्या पसाऱ्यात गावं किती येतील याचा अंदाज कोणीही करावा.

मग शेजाऱ्याच्या हाती उरतं काय? गंमत अशी की बहुतेक आधार दुसऱ्याच कामासाठी केलेल्या नियमांतून मिळतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 चे. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल ही मर्यादा. ती आपण डीजेवरून ओळखतो, कंप्रेसरवरून नाही. उघड्या बोअरमध्ये मुलं पडू लागल्यावर 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले : काम सुरू करण्याच्या पंधरा दिवस आधी प्रशासनाला लेखी कळवायचं, फलक लावायचा, काम चालू असताना कुंपण घालायचं, सोडून दिलेलं भोक तळापासून वरपर्यंत बुजवायचं. ते पाण्याच्या बोअरसाठी असले तरी खनिजाच्या भोकालाही शब्दशः लागू करण्यासारखे आहेत. ग्रामसभेची शिफारस घ्यायची सक्ती मात्र पेसा या आदिवासी भागांसाठीच्या कायद्याच्या क्षेत्रात, म्हणजे मराठवाड्यात किनवटच्या बाजूला, आणि तीही वाळू-मुरुमासारख्या गौण खनिजांपुरती.

भोक बुजवण्याचा मुद्दा इथल्या खडकात दिसतो त्याहून मोठा आहे. दख्खनच्या लाव्हात पाणी थराथरात साठतं. मधला घट्ट थर भेदून भोक उघडंच सोडलं तर वरच्या थरातलं पाणी खाली झिरपू शकतं आणि बाजूची उथळ विहीर उन्हाळ्याआधीच तळ दाखवू शकते. म्हणून चांगले ठेकेदार काम झाल्यावर सिमेंटचं पातळ मिश्रण सोडून भोक तळापासून भरतात, चिखलपाण्याचे खड्डे बुजवतात, वरची काळी माती आधीच बाजूला काढून पुन्हा पसरवतात. कोरड्या भुकटीवर पाणी मारणं, कंप्रेसरचं तोंड वस्तीकडे न ठेवणं, रात्री नळ्या न आपटणं, यांत तर खर्चही नगण्य.

गाडी येण्याआधी विहिरीतलं पाणी मोजून ठेवायला कोणी सांगत नाही. भूजल यंत्रणेची निरीक्षण विहीर बहुधा दुसऱ्याच गावात असते. आपल्या आजोबांनी मात्र ते काम दोरीला दगड बांधून केलं होतं : किती परस (हात वर केलेल्या माणसाएवढी खोली) पाणी, ते चैत्रात आणि दिवाळीला बघायचं, आणि कुडावर कोळशाने रेघ मारून ठेवायची.