पार्श्वभूमी: घरगुती मायनिंग, एलएचआर कार्डं आणि पूल

मायनिंग म्हणजे यंत्राला सतत गणितं करायला लावून क्रिप्टो नाणी कमावणं. बिटकॉइनपुरता त्यातला ग्राफिक्स कार्डांचा खेळ २०१३ मध्ये खास चिपची यंत्रं आली तेव्हाच आटोपला. पूल, म्हणजे यंत्रांची ताकद एकत्र करून कमाई वाटून घेणारे गट, त्याआधीचे; पहिला २०१० च्या अखेरीस प्रागमधून सुरू झाला. हौशी मंडळींना खरी जागा मिळाली ती २०१५ मध्ये, इथेरियम या दुसऱ्या नाण्यामुळे. कार्ड निवडण्याचे आजचे बहुतेक ठोकताळे त्याच काळातले.

पहिला ठोकताळा मेमरीचा. इथेरियमच्या मायनिंगला लागणारी, कार्डाच्या मेमरीत बसवावी लागणारी डेटाची डॅग फाइल सुरुवातीला सुमारे १ जीबीची होती आणि दर ३०,००० ब्लॉकनंतर (ब्लॉक म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा) ८ एमबीने वाढत होती. २०२० सरता सरता ती ४ जीबीपलीकडे गेली आणि आरएक्स ५७०, ५८० ची चार जीबीवाली कार्डं बाद झाली. आठ जीबीवाली, त्याच चिपची, चालत राहिली.

मग आलं एलएचआर, म्हणजे मुद्दाम कमी ठेवलेला हॅशरेट (मायनिंगचा वेग). फेब्रुवारी २०२१ मध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० बाजारात आलं तेच लगाम घालून: इथेरियमचं मायनिंग ओळखलं की वेग निम्मा. कारण सांगितलं गेलं गेमर्सना कार्डं मिळावीत असं. त्याच सुमारास त्याच कंपनीने मॉनिटरची जोडणीच नसलेली, फक्त मायनिंगसाठीची कार्डंही विकायला काढली, हे पाहिलं की गेमर्सचा कळवळा जरा पातळ वाटतो. महिनाभरातच कंपनीच्याच एका चाचणी ड्रायव्हरमधून हा लगाम चुकून सुटला. मात्र कार्डाला मॉनिटर जोडलेला हवा होता, म्हणून लोकांनी एचडीएमआयचे खोटे प्लग लावले. मे २०२१ पासून ३०६० टीआय, ३०७०, ३०८० च्या नव्या मालावरही एलएचआरचा शिक्का आला. जुन्या, बिनशिक्क्याच्या कार्डाला सेकंडहँडमध्येही जास्त भाव. मायनिंग सॉफ्टवेअरवाल्यांनी आधी सुमारे ७० टक्के आणि मे २०२२ मध्ये पूर्ण वेग मोकळा केला. तोवर इथेरियमच्या मायनिंगचे चारच महिने उरले होते.

पूल निवडताना लोक कमिशनचा टक्का बघत, पण छोट्या रिगला (मायनिंगच्या यंत्राला) अडवायची ती किमान पेआउटची, म्हणजे किमान किती कमाई साठली की पूल पैसे पाठवतो त्याची मर्यादा. २०२१ मध्ये गॅस फी, म्हणजे इथेरियमवर पैसे पाठवायचं शुल्क, इतकी चढली की एका कार्डाची कमाई पाकिटात येईपर्यंत कापली जायची. म्हणून काही पूल पॉलिगॉन या स्वस्त शुल्काच्या नेटवर्कवर पैसे देऊ लागले. पीपीएलएनएसमध्ये, म्हणजे अलीकडच्या ठरावीक कामातल्या वाट्याप्रमाणे पैसे देण्याच्या पद्धतीत, सुरुवातीचे आकडे कमी दिसतात म्हणून घाबरून पूल बदलणारेही बरेच. रिग बंद केल्यावरही थोडा वेळ वाटा येत राहतो, हे लक्षात कोण घेतो!

आपल्याकडे हिशेब आणखी अवघड. ५०० वॅटची रिग चोवीस तास चालली तर महिन्याला ३६० युनिट, म्हणजे घरातला फ्रिज-पंखा धरण्याआधीच ३०० युनिटांवरचा महागडा टप्पा. त्यात १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या उत्पन्नावर ३० टक्के कर, आणि मायनिंगच्या यंत्रणेवरचा खर्च खरेदीखर्चात धरता येणार नाही असा खुलासा.

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगच बंद केलं. सगळी कार्डं इथेरियम क्लासिक, रेव्हनकॉइन, एर्गो अशा इतर नाण्यांवर तुटून पडली आणि वाट्याला येणारी रक्कम बहुतेक ठिकाणी वीजबिलाखाली गेली.

सध्या घरात दिसतात ती तळहाताएवढी बिटकॉइन यंत्रं, सोलो पूलला (जिथे ब्लॉक ज्याला सापडेल त्यालाच त्याचं बक्षीस) जोडलेली. वेग साधारण एक टेराहॅश, म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं. २०२५ मध्ये सगळ्या नेटवर्कचा मिळून वेग एका झेटाहॅशच्या, म्हणजे १०० कोटी टेराहॅशच्या, घरात पोचला. म्हणजे सरासरी १०० कोटी ब्लॉकमागे एक आपला, आणि दिवसाला निघतात १४४.