तसबीर, मोबाईल आणि झाडीपट्टीतली शॉर्टफिल्म

‘संशयकल्लोळ’ या नाटकावरून झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, शॉर्टफिल्म करायची झाली तर आधी त्याचा उगम आणि हक्क पाहू. नाटकाचा धागा १६६० सालच्या फ्रेंच प्रहसनापर्यंत जातो. १७६१ मध्ये त्यावरून इंग्रजी नाटक झालं, १८९३ मध्ये मराठीत ‘तसबिरीचा घोटाळा’ आला आणि १९१६ मध्ये पदांसह ‘संगीत संशयकल्लोळ’. नाटककार गोविंद बल्लाळ देवल त्याच वर्षी वारले, त्यामुळे संहितेचे हक्क केव्हाच खुले झाले आहेत. पदांच्या ध्वनिमुद्रिकांचं तसं नाही. मुद्रिका प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं मोजावी लागतात.

झाडीपट्टीत नाटक रात्री उघडतं आणि पहाटेपर्यंत चालतं. नट वर टांगलेल्या माईकखाली येऊन थेट प्रेक्षकांशी बोलतो, म्हणून तिथं स्वगत शोभतं. २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी आली आणि शंकरपटाच्या, म्हणजे या शर्यतींच्या, रात्रीचं नाटक अडचणीत आलं. पुढे टाळेबंदीत २०२०-२१ चा हंगामही गेला. तोवर मोबाईल घरोघरी पोचले होते. मोबाईलवर पाहायला या नाटकाची १५-२० मिनिटांची फिल्म करायची तर पदं, स्वगतं आणि नोकरचाकर गळतात. उरतो संशय, आणि तो पेटवणारी तसबीर.

खरा वाद या तसबिरीवरच होतो. नायिका भोवळ येऊन पडते, हातातली प्रियकराची तसबीर निसटते, ती दुसरीच बाई उचलते आणि बायकोच्या हातात परपुरुषाचं चित्र पाहून तिचा नवरा पेटतो. आजच्या काळात तसबिरीऐवजी मोबाईलमधला फोटो घ्या, असं बरेच जण सुचवतात. तिथंच नाटक मोडतं. तसबीर एकच असते. ती एका हातात गेली की दुसरा हात रिकामा होतो, आणि सगळा घोटाळा या रिकाम्या हाताचा आहे. मोबाईलला कुलूप असतं, आणि फोटो पाठवला तर दोन्हीकडे राहतो. आमच्या मते उत्तर मोबाईलच्या पारदर्शक कव्हरमध्ये आहे. मुली तिथं पासपोर्ट फोटो ठेवतात. सेतू केंद्राच्या रांगेत नायिका कोसळते, कव्हर उघडतं, फोटो घरंगळतो. प्रायोगिकतेच्या नावाखाली हा फोटो प्रेक्षकांपासून लपवू नये. प्रेक्षकाला आधीच खरं ठाऊक असतं, म्हणून तो हसतो. लपवलात तर रहस्यकथा होते.

फोटो ३५ × ४५ मिमीचा, मॅट कागदावर छापावा. चकचकीत कागदावर बल्ब चमकतो आणि चेहरा जातो. सहा प्रती काढून मागे पेन्सिलीने क्रमांक घालावेत आणि दुमडलेला कोपरा सगळ्यांचा एकाच बाजूला ठेवावा. नाहीतर संकलनात फोटो मध्येच नवा होतो. पहिल्याच मिनिटात तो पूर्ण चौकटीत चार सेकंद तरी दिसू द्यावा. ट्यूबलाईटखाली कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवावं. १/६० ला चित्रात पट्टे सरकतात. धान कापलेल्या बांधीतलं (शेतातलं) दृश्य मळणी यंत्र थांबल्यावरच घ्यावं, कारण ती घरघर संवादाखालून काढता येत नाही.