लाइट उनी, पन नेट नही उनं

मे महिन्यातली दुपार, अमळनेर, बाहेर पारा ४४ च्या घरात. आतेभावाचा फोन आला, "भाऊ, लाइट उनी, पन नेट नही उनं." त्याचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. निकालाचे दिवस, काउंटरपुढे पोरांची रांग. वीज गेली, अर्ध्या तासाने आली, पंखा फिरला, मशीन गरम झालं, कॉम्प्युटरही सुरू झाला. नेट तेवढं नाही. आणि त्याच राउटरच्या वायफायवर त्याच्या मोबाइलला नेट झकास मिळत होतं.

त्याचा इलाज ठरलेला होता: कॉम्प्युटर बंद करायचा, पुन्हा चालू करायचा. नेट यायचं. त्यामुळे त्याचं निदानही ठरलेलं होतं की लिनक्सच (विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम) खराब आहे, माझ्या नादाने त्याने ते टाकलं आणि पस्तावला.

मी गेलो आणि बिघाड शोधण्याआधी नोंदवही उघडली. लिनक्स सुरू होताना काय काय घडलं ते सेकंदासकट लिहून ठेवतं. 'जर्नल-सीटीएल मायनस बी' ही आज्ञा दिली की या वेळच्या सुरुवातीपासूनचं सगळं दिसतं (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं). त्यात १४ वाजून १२ मिनिटं २० सेकंदांना लिहिलेलं होतं की केबल जोडलेली आहे. ४५ सेकंदांनी: पत्ता मिळाला नाही, प्रयत्न फसला. लगेच दुसरा प्रयत्न, पुन्हा ४५ सेकंद, पुन्हा फसला. असे चार. मग पाच मिनिटं शुकशुकाट.

हे ४५ सेकंद, चार प्रयत्न आणि पाच मिनिटं म्हणजे 'नेटवर्क मॅनेजर' या प्रोग्रामचे मुळातले आकडे आहेत. घरगुती वापराच्या बहुतेक लिनक्समध्ये नेट जोडण्याचं काम तोच करतो.

पत्ता मिळतो कसा, तेही पाहण्यासारखं आहे. नुकत्याच उठलेल्या कॉम्प्युटरला स्वतःचा नंबर नसतो. म्हणून तो ०.०.०.० या नावाने २५५.२५५.२५५.२५५ ला, म्हणजे तारेवरच्या झाडून सगळ्यांना, हाक मारतो: कोणी पत्ता देतं का? राउटर म्हणतो, हा घे १९२.१६८.१.७. कॉम्प्युटर म्हणतो, घेतो. राउटर म्हणतो, नोंदला. चार निरोपांचा हा व्यवहार, त्याचं नाव डीएचसीपी. राउटर जागा असेल तर सगळं सेकंदा-दोन सेकंदांत उरकतं.

दुकानात राउटर जागाच नव्हता. कॉम्प्युटरमध्ये एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, तो वीस सेकंदांत तयार. राउटरचा अडॅप्टर जुना; वीज परत आल्यावर पहिली काही मिनिटं व्होल्टेज कमी असलं की तो राउटर उठायचा, पडायचा, पुन्हा उठायचा. मधे नेटच्या केबली एकत्र जोडणारा एक छोटा स्विच होता, तो मात्र लाइट येताक्षणी पेटायचा. कॉम्प्युटरची केबल स्विचमध्ये, म्हणून कॉम्प्युटरला वाटायचं तार जिवंत आहे. तार जिवंतच होती, पलीकडे बोलणारं कोणी नव्हतं. चार हाका मारून तो गप्प बसायचा आणि नेमका तेव्हाच राउटर धड उभा राहायचा. आतेभाऊ वैतागून रीस्टार्ट करायचा, तोवर राउटर तयार असायचा, आणि श्रेय रीस्टार्टला जायचं.

म्हणून वीज गेल्यानंतरच्या तक्रारीत मी आधी एकच गोष्ट करून बघतो. काही न बदलता, पाच मिनिटांनी, ते कनेक्शन हाताने बंद करून चालू करतो. चाललं तर सेटिंग बरोबर आहे, चुकलेली आहे ती वेळ. मग फाइली उकरत बसण्यात अर्थ नाही. दुकानातही मी इतकंच केलं की त्या कनेक्शनच्या 'ऑटोकनेक्ट-रिट्राइज'चा आकडा शून्य केला. इथे शून्य म्हणजे 'कधीच प्रयत्न करू नको' असं वाटेल, पण अर्थ उलटा आहे: थांबूच नको. (असे आकडे ठरवणाऱ्यांना एकदा भेटायची इच्छा आहे.) अडॅप्टरही बदलायला सांगितला.

वेळेचाच आणखी एक घोळ सर्व्हरवर होतो. लिनक्स सुरू होताना कुठलं काम कधी करायचं ते ठरवणाऱ्या 'सिस्टिमडी' या प्रोग्राममध्ये 'नेटवर्क टार्गेट' आणि 'नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट' अशा दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिलीचा अर्थ नेट जोडणारा प्रोग्राम कामाला लागला, एवढाच. नेट आलं असा नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवरचं फोल्डर सुरुवातीलाच जोडायचं असेल आणि ते काम पहिल्या पायरीला बांधलं असेल, तर ते कधी चालेल, कधी नाही. उलट, नेट आलंच नाही तर दुसऱ्या पायरीची वाट पाहताना कॉम्प्युटर सुरू व्हायला दोन-दोन मिनिटं घेतो. सिस्टिमडीचा स्वतःचा वाट पाहणारा प्रोग्राम मुळात १२० सेकंद थांबतो, म्हणून ते 'दोन मिनिटं' इतक्या ठिकाणी दिसतं.

हाताने चालू करूनही नेट आलं नाही, तर मात्र तारेपासून वर चढायचं. 'आयपी लिंक' ही आज्ञा देऊन 'नो-कॅरिअर' दिसलं तर केबल, स्विच किंवा पोर्ट. केबल ठीक असेल तर 'आयपी ए' देऊन पत्ता बघायचा. पत्ता असेल तर राउटरला पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक, मग ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला. आकड्याला उत्तर येतं आणि नावाने साइट उघडत नाही, तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून आकडा शोधून देणारी सोय. आणि घड्याळ बघायला विसरू नका: मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की वीज गेल्यावर तारीख मागे जाते, ब्राउझर सुरक्षित साइट्सची प्रमाणपत्रं नाकारतो आणि माणूस नेटला शिव्या घालतो.

ऑगस्टमध्ये पुन्हा फोन. या वेळी हाताने चालू करूनही काही नाही. कॉम्प्युटर म्हणत होता, या नावाचं कार्डच नाही. कार्ड तर समोर होतं, दिवा लुकलुकत होता.

पूर्वी लिनक्समध्ये नेटवर्क कार्डांची नावं ईटीएच०, ईटीएच१ अशी असत. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जे आधी सापडेल ते शून्य. पंगतीत जो आधी बसला त्याचं पहिलं पान, तसं. दोन कार्डं असली की आज हे पहिलं, उद्या ते. जानेवारी २०१३ मध्ये सिस्टिमडीच्या १९७ व्या आवृत्तीने पद्धत बदलली आणि नाव जागेवरून ठरू लागलं. ईएनपी३एस० म्हणजे ईथरनेट, पीसीआय (मदरबोर्डवर कार्डं जोडायची व्यवस्था) बस ३, स्लॉट ०. शेताचा गट नंबर म्हणा ना. कसणारा कोणीही असो, नंबर जमिनीचा.

पण गटाची फाळणी झाली की पुढचे नंबर हलतात. आतेभावाने कोणाकडून तरी जुनं ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं होतं. त्यामुळे बसची मोजणी एकाने सरकली आणि ईएनपी३एस० चं झालं ईएनपी४एस०. सेटिंगमध्ये जुनंच नाव लिहिलेलं, म्हणून कनेक्शन बसायला तयार नाही. मी नावाची अट काढली आणि तिथे कार्डाचा मॅक पत्ता घातला. तो ४८ बिटांचा असतो आणि कार्डातच लिहिलेला असतो, स्लॉट कुठलाही असो.

निघताना पाहिलं तर त्याने कॅबिनेटवर पट्टी चिकटवली होती, दुकानातल्या पोरासाठी: "उघाडाना पयले भाऊले फोन करजो."