सौर सहकारी संस्था काढताय? आधी वीजबिलावरचे नाव बघा

गोव्यात दूध सोसायटी आणि पतसंस्था चालवलेली माणसे गावोगाव भेटतात. त्यामुळे वाड्याने, म्हणजे गावातल्या एका वस्तीने, मिळून सौर विजेची संस्था काढायचे ठरले की पहिली धाव सहकार निबंधकांकडे जाते. नोंदणी गोवा सहकारी संस्था कायदा, 2001 खाली होते. नाव राखून ठेवणे, प्रवर्तकांची यादी, उपविधी, भागभांडवल बँकेत भरल्याचा दाखला, योजनेचा अहवाल, हे सगळे पूर्वी ज्यांनी केले आहे त्यांना नवे नाही. सभासद वेगवेगळ्या कुटुंबांतले दाखवा, एवढे सांगून हा भाग संपवतो. प्रकरणे अडतात ती इथे नव्हे.

पहिली अडचण उपविधीतल्या एका ओळीने होते. बहुतेक मसुद्यांत उद्देश म्हणून लिहिलेले असते, ‘सभासदांना सौर वीज वितरित करणे’. वीज कायदा, 2003 प्रमाणे वीज निर्माण करायला परवाना लागत नाही (कलम 7), पण वितरणाला लागतो (कलम 12), आणि गोव्यात वितरण राज्याच्या वीज खात्याकडे आहे. देवळाच्या सभागृहावर पॅनेल बसवून तिथून शेजारच्या घरांत वायरी ओढल्या, तर ते विनापरवाना वितरण ठरते, मग ती घरे सभासदांची का असेनात. म्हणून आधी मार्ग ठरवा आणि मगच उद्देश लिहा. लोक नेमके उलटे करतात आणि मग उपविधी दुरुस्तीसाठी पुन्हा सभा, पुन्हा ठराव.

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे पॅनेल ज्याच्या त्याच्या छपरावर आणि मीटरही ज्याच्या त्याच्या नावाचा. संस्था फक्त एकत्र खरेदी, कर्ज आणि देखभाल बघते. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचे, घराच्या छपरावरच्या सौर पॅनेलसाठीचे अनुदान या मार्गात सहज बसते: पहिल्या 2 किलोवॅटला किलोवॅटमागे 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000. लाभार्थी आहे घरगुती ग्राहक. गृहनिर्माण संस्था आणि रहिवासी संघ यांना सामाईक सोयींसाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये मिळतात. तुमची नवी सौर संस्था या दोहोंपैकी एकही नाही, तेव्हा तिच्या नावाने अनुदान धरून अंदाजपत्रक करू नका. पॅनेल देशी बनावटीचेच लागतात. स्वस्त मिळाले म्हणून दुसरे बसवले की अनुदान गेले.

कौलारू घरांचा वाडा असेल तर हा मार्ग अवघड होतो आणि एकाच मोठ्या छपराचा विचार येतो. एका प्रकल्पाची वीज अनेकांच्या बिलांत वळती करण्याला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात. ते तुमच्या जोडण्यांना लागू होईल असे वीज खात्याकडून लेखी घ्या. ‘होईल हो, अर्ज तर टाका’ असे काउंटरवर कोणी सांगितले तर त्यावर पैसे गुंतवू नका. त्या माणसाची बदली होते.

तिसरा मार्ग कॅप्टिव्ह, म्हणजे स्वतःच्या वापरासाठी वीज बनवणाऱ्या प्रकल्पाचा. वीज नियम, 2005 च्या नियम 3 प्रमाणे वापरणाऱ्यांकडे किमान 26 टक्के मालकी हवी आणि वर्षाला किमान 51 टक्के वीज त्यांनीच वापरायला हवी. नोंदणीकृत सहकारी संस्थेला मोठी सवलत आहे: दोन्ही अटी सभासदांनी मिळून पुऱ्या केल्या तरी चालते, प्रत्येकाचे प्रमाण वेगळे जुळवावे लागत नाही. मात्र हिशेब दरवर्षी होतो. एखाद्या वर्षी 51 टक्क्यांखाली गेलात तर कॅप्टिव्हचा दर्जा जातो आणि क्रॉस सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांच्या सवलतीच्या दरापोटी घेतला जाणारा जादा आकार) मागे लागतो. मीटरच्या नोंदी कोण ठेवणार हे पहिल्याच सभेत ठरवा.

आता मूळ दुखणे. सभासदांची वीजबिले टेबलावर मांडा आणि सीए नंबरच्या (ग्राहक खाते क्रमांकाच्या) शेजारचे नाव वाचा. जुन्या घरांत ते हमखास आजोबांचे निघते. आजोबा जाऊन तीस वर्षे झाली, बिल वेळच्या वेळी भरले जाते, कोणाची तक्रार नाही. पण अनुदानाचे खाते, अर्जदार आणि मीटरधारक यांची नावे जुळवायची वेळ आली की फाईल परत येते. घरपट्टीची पावती जोडून उपयोग होत नाही, कारण घरपट्टी भरणारा मालक असतोच असे नाही.

यावर वारसा सिद्ध करणारा दस्त लागतो, आपण ज्याला सक्सेशन डीड म्हणतो तो. त्याने वारस कोण हे ठरते. कोणाच्या वाट्याला काय आले हे ठरायला न्यायालयात इन्व्हेन्टरी करावी लागते, आणि ती रेंगाळते. बिलावरचे नाव बदलण्यापुरते सक्सेशन डीड आणि बाकी वारसांची संमती पुरते का, हे वीज खात्याच्या उपविभागीय कार्यालयात लेखी विचारा. भाऊ पोर्तुगालला आणि बहीण आखातात असेल तर त्यांचे मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन यायला हवे. इथे मुदतीचा घोळ होतो. परदेशात केलेला असा कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करायचा असतो. लोक पाकीट उघडून कपाटात ठेवतात आणि गणपतीला सगळे जमले की बाहेर काढतात.

सामाईक छपराचा किंवा जमिनीचा कागद त्याहून नाजूक. पॅनेल पंचवीस वर्षे टिकावे म्हणून घ्यायचे आणि करार अकरा महिन्यांचा करायचा, असे प्रकार सर्रास चालतात. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा दस्त नोंदणाऱ्या उपनिबंधकांकडे नोंदवावाच लागतो. छप्पर खाजगी असेल तर गोव्याच्या नागरी कायद्यात मालमत्ता साधारणपणे नवरा-बायकोची सामाईक असते, म्हणून दोघांच्याही सह्या घ्या. देवालयाचे सभागृह असेल तर समितीच्या अध्यक्षांचा शब्द पुरत नाही. महाजनांच्या, म्हणजे देवालयाच्या परंपरागत सभासदांच्या, सभेचा ठराव घ्या, आणि मामलेदार देवालयांचे प्रशासक असल्यामुळे कागद त्यांच्या टेबलावर जाणार हे धरून चाला. जमीन घेताना एक-चौदाच्या (गोव्यातल्या जमीन हक्कांच्या नोंदीच्या) उताऱ्यात फक्त कब्जेदाराचे नाव बघून थांबू नका. कूळ आणि इतर हक्क हे रकाने वाचा. तिथे कुणाचे नाव असेल तर पैसे देऊ नका, वकील गाठा. भातशेती तर सोडूनच द्या. 2023 च्या कायद्याने तिच्या हस्तांतरणावर निर्बंध आहेत.

मुदतींविषयी आणखी एक. 10 किलोवॅटपर्यंतच्या घरावरच्या प्रकल्पाला तांत्रिक व्यवहार्यता तपासणी लागत नाही, आणि मंजूर भार कमी असेल तर वाढवून देणे हे वीज खात्याचेच काम आहे. त्याहून मोठ्या प्रकल्पाची तपासणी 15 दिवसांत व्हायला हवी, नाही झाली तर तो व्यवहार्य मानला जातो. हे वीज (ग्राहकांचे हक्क) नियमांच्या 2024 च्या दुरुस्तीत स्पष्ट आहे, तरी कार्यालयात तसे सांगितले की समोरचा चष्म्यावरून बघतो. नियमाची प्रत जवळ ठेवा. पण ‘व्यवहार्य मानले’ याचा अर्थ स्विच टाकायला परवानगी मिळाली असा नाही. नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर) बसल्याशिवाय प्रकल्प सुरू करू नका.

कायदेशीर मदत फुकट मिळते का, असे सगळेच विचारतात. विधी सेवा प्राधिकरणाची मदत व्यक्तीला असते, संस्थेला नाही. पण 1987 च्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कोणतीही स्त्री, उत्पन्न कितीही असो, तसेच अनुसूचित जाती-जमातींतले लोक आणि अपंग व्यक्ती पात्र आहेत. म्हणजे वारशाच्या कागदांसाठी वाड्यावरच्या बायका आणि वेळीप, गावडा, कुणबी या अनुसूचित जमातींतले सभासद स्वतःच्या नावाने अर्ज करू शकतात. निम्मे काम तिथेच हलके होते. हेल्पलाईन 15100. वीज खात्याशी वाद झाला तर आधी ग्राहक गाऱ्हाणे मंचाकडे जा, थेट गुरुग्रामला गोव्याचे वीजदर आणि नियम ठरवणाऱ्या संयुक्त वीज नियामक आयोगाकडे पत्रे धाडू नका. जाताना मूळ बिल, एक-चौदा आणि प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच न्या. पोच देत नसतील तर अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवा.